हंगामाबाहेरचे टोर्नेडो

अमेरिकेत वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास टोर्नेडो नोंदले जातात. त्यांतले निम्म्याहून अधिक एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांतले असतात. मे महिन्यात त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते, तर डिसेंबर-जानेवारीत ते महिन्याला काही डझनांवर येते. या नोंदींवरूनच ‘टोर्नेडोचा हंगाम’ ही कल्पना रूढ झाली. शाळांमधल्या बचावाच्या कवायती, भोंग्यांच्या चाचण्या, वर्तमानपत्रांतल्या सूचना हे सारे त्या देशात बहुतेक ठिकाणी वसंत ऋतूच्या तोंडावर होते. २०२१ च्या डिसेंबरात मात्र एकाच महिन्यात दोनशेहून अधिक टोर्नेडो आले. त्यांतल्या बहुतेकांचा उगम १० व १५ डिसेंबर या दोन दिवसांच्या वादळांत होता. टोर्नेडोच्या बाबतीत हंगाम म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी हे दोन दिवस फार मोलाचे आहेत.

टोर्नेडो आणि चक्रीवादळ यांची गल्लत नेहमी होते. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. टोर्नेडो हा गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा फिरता स्तंभ असतो. त्याची रुंदी साधारणपणे काही दहा ते काही शे मीटर आणि आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. उन्हाळ्यात आपल्याकडे माळावर धूळ उडवत जाणारी वावटळ दिसायला तशीच, पण तिचा ढगाशी संबंध नसतो. तापलेल्या जमिनीवरून ती उठते आणि विरते. टोर्नेडोचे बळ ढगातून येते. त्याच्या वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण बहुधा त्याच्या तडाख्यात टिकतच नाही, म्हणून मागे राहिलेल्या पडझडीवरून वेगाचा अंदाज बांधतात. ही पद्धत शिकागो विद्यापीठातले जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडली. नागासाकीवरच्या अणुबॉम्बस्फोटानंतरच्या विध्वंसाची पाहणी त्यांनी तरुणपणी केली होती, आणि पडलेल्या वस्तूंच्या दिशेवरून बळाचा माग काढण्याची त्यांची नजर तिथे तयार झाली. २००७ पासून त्यांच्या मोजपट्टीची सुधारलेली आवृत्ती, ‘एन्हान्स्ड फुजिता’ म्हणजे ईएफ, वापरात आहे. तिच्यात ईएफ-० म्हणजे ताशी १०५ किलोमीटरपासूनचे वारे, तर ईएफ-५ म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरहून अधिक.

असा ढग तयार व्हायला काही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी जुळून याव्या लागतात. जमिनीलगत उबदार, बाष्पाने भरलेली हवा हवी. अमेरिकेत ती मेक्सिकोच्या आखातावरून येते. तिच्या वर थंड, कोरडी हवा हवी, म्हणजे खालची हलकी हवा जोराने वर उसळू शकते. हवेच्या या अवस्थेला अस्थिरता म्हणतात. ही हवा वर ढकलायला एखादी आघाडी, म्हणजे थंड आणि उबदार हवेमधली सरकती सीमा, किंवा कमी दाबाचा पट्टा लागतो. चौथी गोष्ट म्हणजे वाऱ्याचे कातरण: जमिनीजवळ वारा एका दिशेने मंद वाहतो आहे आणि काही किलोमीटर उंचीवर तो दुसऱ्या दिशेने, कित्येक पटींनी वेगात वाहतो आहे. खालच्या आणि वरच्या वेगांतल्या या तफावतीमुळे मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. वर उसळणारा झोत या आडव्या फिरत्या हवेला उचलून उभी करतो आणि सगळा ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या ढगाला ‘सुपरसेल’ म्हणतात. साधा गडगडाटी ढग स्वतःच्याच पावसाच्या थंड हवेने तासाभरात विझतो. सुपरसेलमध्ये वर जाणारा झोत आणि खाली येणारा पाऊस वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून तो कित्येक तास जगतो. सर्वच सुपरसेल टोर्नेडो सोडत नाहीत. बहुसंख्य सोडत नाहीतच. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन ढगांपैकी एकातूनच तो का उतरतो, हा हवामानशास्त्रातला अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे.

वसंत ऋतूत या चारही गोष्टी वारंवार एकत्र येतात. आखात तापू लागलेले असते, उत्तरेकडची थंडी अजून ओसरलेली नसते आणि दोहोंच्या मधून जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहत असतो. हंगाम म्हणजे या जुळणीची वारंवारता. त्यापलीकडे कॅलेंडरला अर्थ नाही. हिवाळ्यात या साहित्यातले काय कमी पडते, हे पाहिले म्हणजे धोक्याचे स्वरूप कळते. वारा कमी पडत नाही. उलट उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश आणि विषुववृत्ताकडचा प्रदेश यांच्या तापमानांतली तफावत हिवाळ्यातच सर्वांत मोठी असते, त्यामुळे जेट प्रवाह तेव्हाच सर्वाधिक जोरात असतो आणि दक्षिणेकडे सरकलेला असतो. कातरण भरपूर मिळते, आघाड्याही एकामागून एक येत राहतात. उणीव असते ती उष्णतेची आणि बाष्पाची. जानेवारीतली कोरडी, थंड, जड हवा उसळत नाही, म्हणून तो सगळा वारा डोक्यावरून नुसता वाहून जातो. एखाद्या दिवशी आखातावरची दमट हवा उत्तरेकडे सरकली, तर उरलेले साहित्य आधीच तयार असते. उन्हाळ्यात नेमके उलटे होते. ऊब आणि बाष्प मुबलक, पण वरचा वारा मंदावलेला; म्हणून ढग उंच वाढतात, कोसळतात आणि विझतात. हिवाळ्यातले टोर्नेडो संख्येने कमी असूनही त्यांच्यात दूरवर धावणारे, जोरकस टोर्नेडो का आढळतात, याचे कारण यात आहे.

२०२१ चा डिसेंबर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नोंद असलेल्या डिसेंबरांपैकी सर्वांत उबदार ठरला. विसाव्या शतकाच्या सरासरीहून त्याचे तापमान सुमारे पावणेचार अंश सेल्सिअसने जास्त होते. १० तारखेला टेनेसीतल्या मेम्फिस शहरात पारा २६ अंशांपर्यंत गेला. आखातावरची दमट हवा मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून थेट केंटकीपर्यंत पोहोचली होती, आणि पश्चिमेकडून एक जोरदार आघाडी येत होती. त्या दुपारी आर्कान्सासमध्ये तयार झालेला एक सुपरसेल रात्रभर ईशान्येकडे धावत राहिला. आर्कान्सासमध्ये सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या टोर्नेडोने मिसुरीचा कोपरा ओलांडून टेनेसीपर्यंत सुमारे १३० किलोमीटरची पट्टी उद्ध्वस्त केली. तो विरला आणि थोड्याच वेळात त्याच ढगातून दुसरा उतरला. हा दुसरा टेनेसीच्या सीमेजवळून केंटकीत शिरला आणि जवळजवळ तीन तास जमिनीवरच राहिला. त्याचा मार्ग सुमारे २६६ किलोमीटरचा, म्हणजे मुंबईहून निघून पुणे आणि सातारा मागे टाकण्याएवढा. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३०५ किलोमीटर, दर्जा ईएफ-४. एकाच ढगाने चार राज्ये तुडवली म्हणून सुरुवातीला हा एकच टोर्नेडो असावा असे मानले गेले आणि १८ मार्च १९२५ च्या ‘ट्राय-स्टेट’ टोर्नेडोचा विक्रम मोडला की काय, अशी चर्चा झाली. मिसुरी, इलिनॉय व इंडियाना या राज्यांतून ३५२ किलोमीटर गेलेल्या त्या टोर्नेडोने ६९५ बळी घेतले होते. नंतरच्या पाहणीत दोन मार्गांच्या मधली खंडित जागा सापडली आणि जुना विक्रम कायम राहिला.

केंटकीतल्या टोर्नेडोने ५७ जणांचा जीव घेतला. सुमारे दहा हजार वस्तीच्या मेफील्ड गावावर तो रात्री साडेनऊच्या सुमारास आला. गावाच्या मध्यवर्ती भागातल्या विटांच्या जुन्या इमारती आणि न्यायालयाची वास्तू कोसळली. गावातल्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात नाताळच्या मागणीमुळे रात्रपाळी चालू होती. आत शंभराहून अधिक कामगार होते, त्यांतले ९ दगावले. तिथून पुढे डॉसन स्प्रिंग्ज आणि ब्रेमेन या छोट्या गावांची तीच गत झाली. हवामान खात्याच्या रडारवर त्या रात्री पावसाच्या थेंबांपेक्षा वेगळे काही दिसत होते: लाकूड, पत्रा, विटा, घरांचे तुकडे. हा ढिगारा जमिनीपासून नऊ किलोमीटरहून अधिक उंचीवर फेकला गेला होता. डॉसन स्प्रिंग्जमधल्या एका कुटुंबाचा १९४२ सालचा फोटो दुसऱ्या दिवशी इंडियानातल्या न्यू ऑल्बनी इथे एका मोटारीच्या काचेला चिकटलेला सापडला. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. त्याच रात्री वेगळ्या सुपरसेलमधून उतरलेल्या टोर्नेडोने केंटकीतल्याच बोलिंग ग्रीन शहरात पंधराहून अधिक जणांचा बळी घेतला, आणि इलिनॉयमधल्या एडवर्ड्सव्हिल इथे एका मोठ्या गोदामाच्या भिंती पडून ६ कामगार मेले. डिसेंबर महिन्यात अमेरिकेत टोर्नेडोंनी इतके बळी याआधी कधी घेतले नव्हते. त्यापूर्वीची सर्वांत वाईट नोंद ५ डिसेंबर १९५३ ची, मिसिसिपीतल्या विक्सबर्गची. तिथे ३८ जण मेले होते.

हंगामाबाहेरचा टोर्नेडो जास्त घातक का ठरतो, याची कारणे वाऱ्याच्या वेगापेक्षा परिस्थितीत जास्त आहेत. हिवाळ्यात दिवस लहान असतो. दुपारी उठलेले वादळ वस्तीपर्यंत येईतो अंधार पडलेला असतो. रात्रीचा टोर्नेडो दिसत नाही आणि झोपलेल्या माणसापर्यंत इशारा पोहोचत नाही. दिवसाच्या टोर्नेडोच्या तुलनेत रात्रीच्या टोर्नेडोत जीव जाण्याची शक्यता अडीच पटींच्या आसपास असल्याचे अमेरिकी संशोधकांनी दाखवले आहे. वरचा वारा जोरात असल्याने हिवाळ्यातली वादळे पळतातही वेगाने. मेफील्डचा टोर्नेडो सरासरी ताशी ९० किलोमीटरने पुढे सरकत होता, त्यामुळे इशारा मिळाल्यावर हातात फार थोडा वेळ उरत होता. शिवाय थंडीतल्या वादळांचा मोठा वाटा दक्षिणेकडच्या राज्यांत पडतो. ओक्लाहोमा-कॅन्ससच्या सपाट माळावर ढग दुरून दिसतो. टेनेसी-अलाबामात झाडी आणि टेकड्या दृष्टी अडवतात. त्या भागात बऱ्याच घरांना तळघर नाही, आणि चाकांवरून आणून ठेवलेल्या हलक्या तयार घरांत राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. देशातल्या एकूण घरांमध्ये अशा घरांचा वाटा लहान, तरीही घरात असताना टोर्नेडोत मरणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे याच घरांतली असतात. निसर्गाचा तडाखा सर्वांवर सारखा पडतो, हे म्हणणे इथे खरे ठरत नाही. ज्याच्याकडे जमिनीखाली जायची जागा आहे तो वाचतो.

पाचच दिवसांनी, १५ डिसेंबरला, वादळाचा दुसरा प्रकार दिसला. या खेपेस दमट हवा आणखी उत्तरेला, पार मिनेसोटापर्यंत गेली. तिथे चारच दिवसांपूर्वी फूटभर बर्फ पडले होते. कॅन्सस-नेब्रास्कातून निघालेली ढगांची एक लांबलचक रांग ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने आयोवा ओलांडून विस्कॉन्सिनपर्यंत गेली. या रांगेतले बरेच नुकसान सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्याने केले. पाऊस आणि वरची थंड हवा ढगातून एकदम खाली कोसळते, जमिनीवर आपटून पुढच्या दिशेने पसरते. पुढची उबदार हवा त्यामुळे वर उचलली जाते, नवे ढग तयार होतात आणि रांग स्वतःलाच पुढे ढकलत नेते. शेकडो किलोमीटर टिकणाऱ्या अशा वादळाला ‘डेरेचो’ म्हणतात. आयोवातले शास्त्रज्ञ गुस्टाव्हस हिनरिक्स यांनी १८८८ मध्ये हे नाव दिले. एरवी डेरेचो ही मे ते ऑगस्टमधली गोष्ट आहे. १० ऑगस्ट २०२० च्या डेरेचोने आयोवात मक्याची लाखो एकर उभी पिके आडवी केली आणि सिडार रॅपिड्स शहरातल्या झाडांचा मोठा भाग पाडला. डिसेंबरातला डेरेचो मात्र अमेरिकेच्या नोंदींत त्या दिवशी पहिल्यांदाच लिहिला गेला. मिनेसोटातही डिसेंबरात टोर्नेडो झाल्याची ती पहिलीच नोंद. हार्टलंड नावाच्या खेड्याला त्याचा तडाखा बसला. ढगांच्या रांगेत दडलेले हे टोर्नेडो सुपरसेलमधल्यांपेक्षा अल्पजीवी आणि बहुधा कमी ताकदीचे असतात. पण ते पावसाआड उतरतात आणि रडारच्या दोन फेऱ्यांमध्ये जन्मून संपूही शकतात, म्हणून त्यांचा इशारा देणे फार अवघड जाते. रांगेच्या मागे, जिथे पाऊस नव्हता त्या कोरड्या कॅन्ससमध्ये, त्याच वाऱ्याने धुळीची वादळे उठवली, महामार्गांवर अपघात घडवले आणि गवताळ माळांना आगी लावल्या. एकाच कमी दाबाच्या क्षेत्राने एका दिवसात धूळ, वणवे, सरळ वारे आणि टोर्नेडो अशी इतकी रूपे घेतल्याची उदाहरणे विरळ आहेत.

साहित्य जुळले की ऋतूची मर्यादा उरत नाही, हे महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. टोर्नेडो इथे नित्याचे नाहीत, पण २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक या पट्ट्यात दिवसेंदिवस गारपीट होत राहिली. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि ज्वारी झोपली, द्राक्ष व डाळिंबाच्या बागा फुटल्या. वळिवाला अजून अवकाश होता. दक्षिणेला सरकलेला पश्चिमी वाऱ्यांचा जोर आणि समुद्रावरून आलेले बाष्प या दोहोंची गाठ राज्याच्या डोक्यावर पडली होती. ढग वेगळे, नुकसान वेगळे; पण अवकाळी संकट घडण्याची रीत तीच.

हवामानाचा अंदाज बांधणाऱ्यांनी कॅलेंडर सोडून साहित्याकडे पाहायला सुरुवात केली ती १९४८ मध्ये. त्याआधी कित्येक दशके अमेरिकेच्या हवामान खात्याने आपल्या अंदाजांत ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायलाच मनाई केली होती. लोक घाबरतील, ही भीती. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडोने विमानांचे प्रचंड नुकसान केले. तळावरचे दोन हवामान अधिकारी, अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर, यांनी जुन्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे काढून हवेची मांडणी तपासली. २५ मार्चला तशीच मांडणी पुन्हा दिसली तेव्हा त्यांनी धोका पत्करून अंदाज दिला, विमाने हलवली गेली, आणि त्या संध्याकाळी त्याच तळावर खरोखरच टोर्नेडो आला. आज ओक्लाहोमातल्याच नॉर्मन इथले वादळ अंदाज केंद्र वर्षाचे ३६५ दिवस, महिना न पाहता, धोक्याचे नकाशे प्रसिद्ध करते. १० डिसेंबर २०२१ चा धोका या केंद्राने ओळखला होता आणि दिवस चढला तशी पातळी वाढवली होती. मेफील्डवर टोर्नेडो येण्यापूर्वी सर्वांत वरच्या दर्जाचा इशाराही निघाला होता. अंदाज चुकला नव्हता. उणीव राहिली ती इशाऱ्यानंतरच्या गोष्टींत: मजबूत आसरा, रात्रीच्या वेळी फोनवर किंवा हवामान रेडिओवर जागे करणारी व्यवस्था, आणि नाताळच्या तोंडावर असा इशारा खरा मानण्याची मनाची तयारी. गावातले भोंगे घराबाहेरच्या लोकांसाठी असतात. बंद घरात झोपलेल्यांना ते ऐकू येतीलच असे नाही.

तापत्या हवामानामुळे हिवाळ्यातले टोर्नेडो वाढत आहेत का, या प्रश्नाला आज सरळ ‘हो’ म्हणता येत नाही. टोर्नेडो इतका लहान आणि क्षणिक असतो की हवामानाच्या जागतिक प्रारूपांत तो दिसतच नाही, आणि जुन्या नोंदी रडारपूर्व काळातल्या, अपुऱ्या आहेत. शिवाय तापमानवाढीचा एक परिणाम दुसऱ्याला छेद देऊ शकतो: हवेतले बाष्प आणि अस्थिरता वाढेल, पण ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानांतली तफावत घटली तर कातरण कमी होऊ शकते. हिवाळ्यात मात्र कातरण मुळातच मुबलक असते आणि बाष्पच कमी पडते, म्हणून उबदार होत जाणाऱ्या हिवाळ्यांत धोक्याचे दिवस वाढतील, हा तर्क बऱ्याच संशोधकांना सबळ वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात इतिहासात पहिल्यांदा फेब्रुवारीत टोर्नेडो नोंदला गेला. एका घटनेवरून कल सिद्ध होत नाही. नोंदींवरून बऱ्यापैकी खात्रीने दिसते ती एक गोष्ट: गेल्या काही दशकांत टेक्सास-ओक्लाहोमाच्या माळावर टोर्नेडोंना अनुकूल दिवस थोडे घटले, आणि मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी व केंटकी या पूर्वेकडच्या राज्यांत वाढले. तिथे वस्ती दाट, झाडी घनदाट, हलकी घरे जास्त, आणि वादळे बहुधा अंधारात येतात.